काच परवडली नाही म्हणून: स्वस्त हरितगृहाची गोष्ट

(हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ आणि मागे चालू असलेल्या मोटारीचा आवाज तेवढा वगळला आहे.)

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग मी खोलीत बसून नाही, शेतात उभा राहून रेकॉर्ड करतोय. हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका, माझ्या काकांचं वावर. समोर वीस गुंठ्यांत लोखंडी पाइपांचा सांगाडा आहे. अर्धा उभा, अर्धा वाकलेला. एका खांबाला शेळी बांधलीय आणि आडव्या पाइपवर काकूने गोधड्या वाळत घातल्यात. काही वर्षांपूर्वी हे शेडनेट होतं. आत ढोबळी मिरची होती. ती बघायला पाहुणे यायचे, फोटो काढायचे.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात काकांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, मला म्हणाली, "दादा, मला इथंच भाजीपाल्याची रोपवाटिका टाकायचीय. दहा गुंठ्यांचं शेडनेट. कर्जाला जामीन राहशील का?"

ती कृषी पदविका झालेली आहे, आणि तिने लावलेलं रोप जगतं हे अख्ख्या घराला माहीत आहे. पण समोर हा सांगाडा आहे, आणि काकांच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. मी हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. म्हणलं, आठ दिवस दे.

मी पडलो इतिहासवाला. त्यामुळे बँकेत जायच्या आधी मी इतिहासात गेलो. मला एवढंच शोधायचं होतं की हरितगृह ही मुळात श्रीमंतांची चीज, मग ती साध्या माणसाने कधी आणि कशी उभी केली? कोणाची टिकली, कोणाची पडली?

तर सुरुवात रोमपासून. सम्राट टायबेरियस, इसवी सन १४ ते ३७ या काळात राज्य करणारा. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की या बादशहाला रोज काकडी लागायची, वर्षातला एकही दिवस चुकवून चालायचं नाही. (अभ्यासक म्हणतात की ती आपली काकडी नसून खरबुजाच्या कुळातलं काहीतरी असावं. असो.) मग त्याच्या माळ्यांनी काय केलं? चाकांवरचे वाफे केले. ऊन असेल तेव्हा बाहेर ढकलायचे, थंडीत आत घ्यायचे, वर पारदर्शक दगडाचे पातळ पत्रे झाकायचे. तेव्हा खिडकीची काच आजच्यासारखी मिळत नव्हती, म्हणून दगड. एका माणसाच्या जेवणासाठी एवढा खटाटोप!

नंतर कोरिया. साधारण १४५० च्या सुमाराला तिथल्या राजवैद्याने लिहिलेल्या एका पुस्तकात हिवाळ्यात भाजी पिकवायच्या खोलीची कृती दिलीय. मातीच्या भिंती, जमिनीखालून जाणारी चुलीची ऊब, आणि छताला तेल लावलेला कागद. तेलामुळे कागदातून उजेड आत येतो आणि पाणी निथळून जातं. हे पण दरबारासाठीच.

मग इंग्लंड. तिथे तर काचेवर कर होता, आणि तो वजनावर. काच जितकी जाड तितका कर जास्त. जवळपास शंभर वर्षं तो चालला आणि १८४५ मध्ये उठला. पुढे सहाच वर्षांनी, १८५१ मध्ये, लंडनच्या हाइड पार्कात क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. जवळपास तीन लाख काचा! आणि त्याचा आराखडा करणारा जोसेफ पॅक्स्टन हा शिकलेला वास्तुविशारद नव्हता, माळी होता. हरितगृहं बांधून बांधून त्याचा हात बसला होता. एकाच मापाच्या काचा आणि एकाच मापाचे लोखंडी भाग कारखान्यात करायचे आणि जागेवर आणून जोडायचे, ही त्याची युक्ती. आज आपल्याकडे ट्रकमधून पाइप येतात आणि चार पोरं नटबोल्ट आवळून शेडनेट उभं करतात ना, त्या पद्धतीचं मूळ तिथं आहे. बंगळूरच्या लालबागेतलं काचघर बघितलं असेल तुम्ही. १८८९ सालचं काम, क्रिस्टल पॅलेसवरूनच सुचलेलं.

इथपर्यंतची सगळी नावं बघा. सम्राट, राजा, राणीचं प्रदर्शन. शेतकरी कुठंच नाही.

तो आला १९४८ मध्ये, आणि तो पण प्राध्यापकाच्या रूपात. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात एमरी मायर्स एमर्ट नावाचे उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. त्यांना संशोधनासाठी हरितगृह हवं होतं, पण काचेचं परवडत नव्हतं. मग त्यांनी लाकडाचा सांगाडा केला आणि त्यावर सेलोफेन ताणलं. सेलोफेन म्हणजे मिठाईच्या खोक्यावर, फुलांच्या गुच्छावर असतो तो चकचकीत पारदर्शक कागद. नंतर त्यांनी पॉलिथिन वापरलं. पॉलिथिन तेव्हा नवीनच होतं. १९३३ मध्ये इंग्लंडच्या एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत ते अपघाताने सापडलं होतं.

म्हणजे आज जगात जिथे जिथे प्लास्टिकखाली शेती दिसते, त्याची सुरुवात एका माणसाला काच परवडली नाही यातून झाली. आणि एमर्ट यांचं खरं डोकं कागद निवडण्यात नव्हतं. काच जड असते, म्हणून तिला भक्कम सांगाडा लागतो, म्हणून पाया लागतो, म्हणून खर्च वाढतो. वरचं वजन काढून टाकलं की खालचा खर्च आपोआप उतरतो, हे त्यांना दिसलं. फक्त एक गोष्ट उलटी होते. ती मी पुढे सांगतो, कारण आमचे काका तिथंच फसले.

पुढचा मुक्काम स्पेन. दक्षिणेला आल्मेरिया नावाचा प्रांत. पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या दुष्काळी माणदेशापेक्षाही कमी. सोसाट्याचा वारा, खडकाळ रान. स्पेनमधल्या अगदी गरीब भागांपैकी एक. तिथले शेतकरी द्राक्षं घ्यायचे, आणि द्राक्षांसाठी लाकडी खांब आणि तारांचे मांडव होतेच. १९६० च्या दशकात त्यांनी त्याच मांडवावर प्लास्टिक अंथरलं. वरून एक तारांची जाळी, खालून एक, मध्ये प्लास्टिक. झालं हरितगृह! नाशिक-सांगलीकडचा द्राक्षाचा मांडव डोळ्यांपुढे आणा, म्हणजे लगेच कळेल. आज तिथं ३० हजार हेक्टरच्या वर प्लास्टिक आहे, उपग्रहाच्या फोटोत तो पांढरा पट्टा चक्क दिसतो. उन्हाळ्यात ऊन जास्त झालं की तिथले शेतकरी प्लास्टिकवर चुन्याची निवळी मारतात. महागडे पंखे नाहीत, चुना.

त्याची किंमत पण सांगितली पाहिजे. तिथला भूजलसाठा उपसून उपसून खाली गेला, आणि बाहेरून आलेले मजूर प्लास्टिकच्याच झोपड्यांत राहतात. स्वस्त माल कुणाच्या तरी जिवावर स्वस्त असतो.

आता आपल्या देशात या. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-वीस अंश जातो. तिथे तीन बाजूंना मातीच्या विटांच्या जाड भिंती आणि फक्त दक्षिणेला प्लास्टिक असं हरितगृह करतात. दिवसा भिंती ऊन पितात, रात्री ऊब सोडतात. लेहमधल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने यावर बरंच काम केलंय. युट्यूबवर 'कमी खर्चातलं ग्रीनहाऊस' शोधलंत तर असे परदेशातले, डोंगरातले व्हिडिओ हमखास येतात. बघायला मस्त. पण तेच हिंगोलीत बांधलंत तर मे महिन्यात आत रोपं नाही, पापड भाजून निघतील.

इथं मला पहिला धडा मिळाला. वर सांगितलेल्या सगळ्यांचा शत्रू थंडी होता. त्यांना ऊब कोंडायची होती. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो आणि थंडी पिकाला मारेल अशी पडतच नाही. आमचा शत्रू ऊन, आणि त्याच्या सोबतीला वारा, गारा आणि पांढरी माशी. मग आम्हाला 'हरितगृह' नको, सावली पाहिजे. आणि सावलीची शेती आपल्याकडे बादशहाच्या काकडीची वाट बघत थांबली नव्हती.

पानमळा बघितलाय कधी? नागवेलीला कडक ऊन सोसत नाही, गरम वारा तर अजिबात नाही. म्हणून शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी झाडं दाट लावायची, वेल त्यांच्यावर चढवायचा, आणि चारी बाजूंनी आडोसा करायचा. विदर्भात रामटेक, अंजनगाव सुर्जी या भागात बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे केलंय. कित्येक पानमळ्यांत आजही चपला बाहेर काढून आत जातात. आपण त्याला श्रद्धा म्हणतो, पण बाहेरची रोगट माती आत येत नाही हा फायदा आहेच. आजच्या पॉलिहाऊसला दोन दारं असतात आणि पाय धुवायची जागा असते, ती कशासाठी? त्याचसाठी.

आमच्या आजीचं पण हरितगृह होतं. मिरचीच्या रोपाचा वाफा, चार बाजूंना तुराट्यांचा कूड, वर पऱ्हाट्या आणि जुनं लुगडं. खर्च शून्य. आज सोलापूरकडे डाळिंबाच्या बागेवर जुन्या साड्या टाकतात, तो याच घराण्यातला प्रकार.

मग हे सगळं सोडून आपण लोखंडी सांगाड्याकडे कसे आलो? १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि पुणे जिल्ह्यात, तळेगाव-मावळ पट्ट्यात निर्यातीच्या फुलांची पॉलिहाऊसं आली. तंत्र हॉलंड-इस्रायलचं, भांडवल कंपन्यांचं. तळेगाव दाभाडेला प्रशिक्षण केंद्र निघालं, तिथं हजारो शेतकरी शिकले. पुढे २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आलं, अनुदान आलं, आणि दहा-वीस गुंठ्यांवाला शेतकरीसुद्धा जरबेरा, गुलाब, ढोबळी मिरचीकडे वळला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात ती भयंकर गारपीट झाली. त्यानंतर वर काहीतरी छत पाहिजे, हे प्रत्येकाच्या मनात बसलं. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, त्यात हिंगोली जिल्हा होता, आणि शेडनेट आमच्या गावापर्यंत पोचलं.

बुलडाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाच्या बाजूला जा. तिथं शेडनेटमध्ये बाजारासाठी भाजी नाही, बियाणं पिकवतात. जालना हे बियाणे कंपन्यांचं गाव, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको तिथंच काढली. मिरची, टोमॅटोचं संकरित बी करायचं तर फुलाला हाताने परागीकरण करावं लागतं आणि परका पराग येऊ द्यायचा नसतो. म्हणून जाळी. हे बारीक काम करतात बहुतेक बाया, सकाळपासून, फुलाफुलावर वाकून. कंपनीशी करार असतो, म्हणजे माल कुठे विकायचा ही चिंता नाही. पण शुद्धतेच्या चाचणीत बियाणं नापास झालं तर सगळी मेहनत मातीत.

आणि कर्जाची बाजू. फुलांच्या बाजारात प्लास्टिकची फुलं घुसली, जरबेऱ्याचे भाव पडले. २०१७ ची कर्जमाफी होती दीड लाखापर्यंतची, आणि पॉलिहाऊसवाल्यांची कर्जं त्याच्या कित्येक पट. त्यांनी नंतर आंदोलनं केली, पण हप्ते थांबले नाहीत. ज्या शेतकऱ्यांना आपण 'प्रगतिशील' म्हणून टाळ्या वाजवल्या, तेच सगळ्यात मोठ्या खड्ड्यात होते.

आता आमच्या काकांचं. काकांनी हळदीचे पैसे घातले, वर बँकेचं कर्ज काढलं. २०१४ च्या केंद्रीय निकषांत लोखंडी पाइपाच्या शेडनेटचा खर्च चौरस मीटरला ७१० रुपये धरला होता. वीस गुंठे म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. गुणाकार करा: १४ लाख २० हजार. त्याच्या निम्मं अनुदान. पण मंडळी, अनुदान आधी मिळत नाही. आधी पूर्वसंमती, मग आपल्या पैशाने बांधकाम, मग जागेवर तपासणी, मग खात्यावर रक्कम. म्हणजे निम्मा खर्च सरकारचा असला तरी आधी पूर्ण खर्च तुमचा, आणि मधल्या काळाचं व्याज पण तुमचं. काकांनी हे व्याज धरलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी मिरची झकास. दुसऱ्या वर्षी भाव नाही. आणि वैशाखातल्या एका संध्याकाळी वावटळ आली. काका सांगतात, "पडलं नाय रे ते, उठलं! खांब उपटून वर गेले."

हीच ती उलटी गोष्ट. काचेचं घर स्वतःच्या वजनाने बसून राहतं. जाळीचं, प्लास्टिकचं घर इतकं हलकं की वारा ते पाडत नाही, उचलतो. त्यामुळे त्याचा पाया वजन पेलण्यासाठी नसतो, घर जमिनीला बांधून ठेवण्यासाठी असतो. तंबूच्या खुंटीसारखा. आणि आमची जमीन कोणती? काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ठेकेदाराने खड्डे घेतले उथळ, त्या भेगाळणाऱ्या थरातच. वैशाखात माती सुटलेली होती, काँक्रीटचा गोळा पाइपासकट मोकळा झालेला होता. पैसे वाचवले ते नेमके तिथं, जिथं वाचवायचे नव्हते.

हे सगळं घेऊन मी आठ दिवसांनी बहिणीसमोर बसलो. म्हणलं, "सध्या जामीन नको राहू वाटतंय."

ती चिडली. "आबांच्या चुकीची शिक्षा मला का?"

खरं सांगतो, उत्तर नव्हतं माझ्याकडे. मग मी मोबाइल बाजूला ठेवला, तिने वही काढली, आणि आम्ही दोघांनी मिळून हिशोब मांडला. तो तुम्हाला वाचून दाखवतो, तुमच्यापैकी कोणी या विचारात असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं: शत्रू कोण? रोपवाटिकेचे शत्रू ऊन, पांढरी माशी आणि मुसळधार पाऊस. थंडी नाही. म्हणून पूर्ण प्लास्टिकचं छत कापलं. वर ५० टक्के सावलीची जाळी, बाजूने कीडरोधक बारीक जाळी, दोन दारं. पावसाळ्यात फक्त ट्रेच्या वाफ्यांवर ठेंगणे प्लास्टिकचे बोगदे.

दुसरं: केवढं? पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना २०२० मध्ये आली. त्यात दहा गुंठ्यांचं शेडनेट, बोगदे, क्रेट असं मिळून खर्च ४ लाख ६० हजार धरलेला आणि अनुदान २ लाख ३० हजारांपर्यंत. कृषी शिक्षण घेतलेल्या महिलांना प्राधान्य. तिला हे बरोबर बसतं. पण आधीचा पूर्ण पैसा कुठून? आणि गिऱ्हाईक कोण, हेच अजून माहीत नाही. म्हणून यंदा फक्त एक गुंठा. २०१४ च्या त्याच निकषांत बांबूच्या शेडनेटचा खर्च चौरस मीटरला ३६० रुपये होता. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे ३६ हजार. आजचे दर वाढलेत, निकष पण बदललेत. ते महाडीबीटीवर किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. पण अंदाज आला ना? शिवाय काकांच्या सांगाड्यातले सरळ राहिलेले पाइप आहेतच. अनुदानाच्या कामाला जुना माल चालत नाही, पण हा एक गुंठा आपल्याच पैशाचा. इथं कोण विचारतंय?

तिसरं: पाया. इथं काटकसर नाही. भेगा जिथवर जातात त्याच्याही खाली, मुरूम लागेपर्यंत खड्डा. पाइपाच्या खालच्या टोकाला आडवी सळई, म्हणजे तो काँक्रीटमधून उपटून येणार नाही. पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडाला, थोडं अंतर सोडून शेवरीची दाट ओळ. पानमळ्यातून उचललेली.

चौथं: गिऱ्हाईक आधी. गावातल्या मिरची-टोमॅटो लावणाऱ्या शेतकऱ्यांची यादी करायची, कोणाला कधी किती रोपं लागतात ते विचारायचं. ९८ खळग्यांचा एक ट्रे, मिरचीच्या रोपाला पाच-सहा आठवडे. या हिशोबाने किती ट्रे भरायचे ते ठरवायचं. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आमच्याच तालुक्यात आहे, तिथं दोन फेऱ्या मारायच्या.

पुढच्या वर्षी या एका गुंठ्याचा जमाखर्च घेऊन योजनेचा अर्ज. तेव्हा मी जामीन. हे मी तिला वहीत लिहून दिलंय, खाली सही करून.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या एमर्टला तरी कोण जामीन होतं?"

काका लांब बसून सगळं ऐकत होते. उठले, पान्हा घेऊन आले आणि न बोलता पहिल्या खांबाचे नट ढिले करायला लागले. शेळी सोडून दुसरीकडे बांधली.

आज सकाळपासून आम्ही खड्डे घेतोय. मी जामीन राहिलो नाही, म्हणून पहार माझ्या हातात आहे. चार खड्डे झाले, पाचव्यात अजून मुरूम लागला नाही, अजून काळीच माती येतेय. तेव्हा भाग इथं थांबवतो आणि परत खणायला जातो. तुमच्या भागात वाफ्यावर सावली कशाची करायचे, लुगड्याची, तुराट्यांची की आणखी कशाची, ते आजीला विचारा आणि मला आवाजी संदेश पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.